संशोधकाला तासावर मोजू नका

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत पीएचडी करणाऱ्यांना सारथी संस्थेकडून मिळणाऱ्या फेलोशिपवर चर्चा चालू होती. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? गावोगावच्या टपऱ्यांवर हा प्रश्न त्याआधीही विचारला जात होता, आजही जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यात तरी तो विचारू नये.

याच तालुक्यातल्या लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेत बसून अर्थशास्त्राचं संशोधन करणारा माणूस. १९३३ मध्ये त्यांनी पुण्यातल्या फळविक्रीची पाहणी छापली, १९४० मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची. त्या पाहण्यांनाही कुणीतरी रिकामे उद्योगच म्हटलं असेल! बाजारात पेरूच्या पाट्या उतरवणाऱ्या राहात्याच्या बागायतदाराला विचारा, फळविक्रीचा अभ्यास कशाला हवा ते.

‘गाडगीळ एखादाच निपजतो,’ असं यावर हमखास ऐकवतात. निपजतो खरा, पण १९३० साली गोखले संस्था निघाली तेव्हापासून त्यांच्या हाती पद होतं, सहकारी होते आणि पाहणीला लागेल तेवढा वेळ होता. आजचा सीएचबीवाला, म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात. तास झाला तर पैसे, मे महिन्यात काहीच नाही. प्रबंध रात्री लिहायचा, तोही फेलोशिपचा हप्ता कधी येईल याचा घोर लावून घेत. उचलेगिरीचे प्रबंध निघतात, ते झाकायचं कारण नाही. पण त्यावरचा इलाज फेलोशिप कापणं हा नव्हे.

राहिला प्रश्न ‘प्राध्यापकांच्या जागाच नाहीत, मग एवढे डॉक्टर कशाला’ हा. रिक्त जागा भरायला हव्यातच. पण पीएचडी म्हणजे फक्त प्राध्यापकी, हे ठरवलं कुणी? बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, लोणीला वैद्यकीय अभिमत विद्यापीठ, शेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ, कारखान्यात प्रयोगशाळा. संशोधकाला सहा महिने अशा ठिकाणी कामाला पाठवा. प्रकल्पाचा प्रस्ताव, त्याचं अंदाजपत्रक, शेतकऱ्याला कळेल असा अहवाल हे सारं मार्गदर्शकाने बसून शिकवावं. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्या आणि संशोधनाचे तास कार्यभारात धरा.

संस्थाचालकांनो, येत्या जूनमध्ये सीएचबीच्या मुलाखती घ्याल, तेव्हा उमेदवाराला त्याच्या संशोधनाचा विषयही विचारा. आणि त्या संशोधनाच्या तासांचेही पैसे धरा.