गोठल्याची खूण



लस म्हटली की आपल्या सगळ्यांना एकच नियम पाठ असतो: थंड ठेवायची. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. लसीला उन्हाची भीती असते तशीच बर्फाचीही असते, आणि काही लसींना बर्फाचीच जास्त. आजच्या लेखात या दुसऱ्या भीतीबद्दल आणि ती ओळखणाऱ्या एका छोट्याशा खुणेबद्दल सांगतो.

माझं आजोळ जोयडा तालुक्यातलं. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना माहीत आहे, काळी नदीच्या खोऱ्यातलं दाट जंगल, चार-पाच घरांच्या लांब लांब वाड्या, आणि पावसाळ्यात एखादं झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. तिथे लस पोचते ती सिस्टरच्या खांद्यावरच्या डब्यातून. गेल्या वर्षी मामेबहिणीच्या बाळाला दीड महिन्याची लस द्यायची होती, तेव्हा मी तिथेच होतो. डब्यातला बर्फाचा पॅक बघून मामी समाधानाने म्हणाली, "बर्फातच ठेवलीय नव्हं बाई, मग बरी असणार." सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "मामी, बर्फ लागलाच तर ती वाया जाते. म्हणून तर सकाळी पॅक घामेजेपर्यंत थांबले होते."

घामेजणं हा शब्द त्यांनी अगदी बरोबर वापरला. डीप फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक उणे 15 ते उणे 25 अंशांवर असतो. तो तसाच डब्यात घातला तर शेजारची बाटली गोठू शकते. म्हणून पॅक बाहेर टेबलावर मांडून ठेवायचे, त्यांच्यावर पाण्याचे थेंब आले आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं, की मगच डब्यात भरायचे. अशा डब्यात साधारण चार पॅक मावतात. उशीर झालेला असताना, चढाची वाट समोर असताना, ही वाट बघणं सोपं नाही.

पण गोठलं तर बिघडतं काय? पेंटाव्हॅलेंट लस घ्या. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब या पाचांसाठी ती एकच सुई. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात आणि लसीचा मुख्य भाग त्यांना चिकटलेला असतो. गोठताना हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. नंतर बर्फ वितळला तरी गुठळ्या सुटत नाहीत आणि लसीची ताकद कमी होते. हिपॅटायटिस-बीची लस तर उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठू लागते. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ थेंबांचं मात्र उलट, ते गोठवूनही साठवता येतात. एकाच डब्यातल्या दोन बाटल्यांचे नियम असे वेगळे.

खरी पंचाईत पुढे आहे. वितळलेली बाटली दिसायला नव्यासारखीच दिसते. बाळाला सुई टोचते, ते रडतं, कार्डावर तारीख पडते, आई निर्धास्त होते. संरक्षण मात्र मिळालेलं नसू शकतं, आणि ते कुणालाच कळत नाही.

बाटलीवर एक खूण असते, ती तुम्ही पाहिली असेल: जांभळट गोल आणि त्याच्या मध्ये फिकट चौकोन. तिला व्हीव्हीएम म्हणतात. 1996 मध्ये ती पहिल्यांदा पोलिओच्या लसीवर आली. जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो. चौकोन गोलाइतकाच गडद झाला, की बाटली बाद. फार हुशार खूण आहे, पण ती फक्त उष्णता मोजते. बाटली गोठली तरी चौकोनावर काहीच दिसत नाही!

म्हणून गोठल्याची वेगळी खूण लागते. तिचे काही प्रकार आहेत. एकात छोटी कुपी असते. आतलं द्रव गोठलं की कुपी फुटते आणि खालच्या कागदावर रंग पसरतो. दुसऱ्यात रंगहीन द्रव असतं, ते गोठलं की जांभळं होतं. तिसरी खूण इलेक्ट्रॉनिक आहे. शून्याच्या किंचित खाली तासभर राहिली की पडद्यावरची बरोबरची खूण जाऊन फुली येते. या खुणा प्रत्येक बाटलीवर नसतात, लसीच्या साठ्यासोबत ठेवतात.

सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: एकदा बदललेली खूण परत पहिल्यासारखी होत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले जिला लॉग म्हणतो, तीच ही गोष्ट. थर्मामीटर फक्त आत्ताचं सांगतो. आरोग्य केंद्रात फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहितात. रात्री दोन वाजता ते शून्याखाली गेलं आणि सकाळी परत चार अंशांवर आलं, तर वही स्वच्छच राहते. खूण मात्र ती रात्र विसरत नाही.

आपल्या देशात ईविन नावाची व्यवस्था आहे. तिच्यात लसींच्या फ्रीजमध्ये संवेदक बसवलेले असतात आणि तापमान बिघडलं की मोबाइलवर संदेश जातो. उत्तम काम आहे. पण जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे वीज-नेटवर्काशिवाय रंग बदलणारी कुपी मला जास्त भरवशाची वाटते. शिवाय फ्रीजपासून वाडीपर्यंतच्या डब्यातल्या प्रवासावर त्या संवेदकाची नजर नसतेच.

हा प्रश्न आडगावापुरता आहे असंही नाही. 2007 मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात वेगवेगळ्या अभ्यासांनुसार 14 ते 35 टक्के फ्रीजमध्ये किंवा वाहतुकीत लसीला गोठवणारं तापमान लागल्याचं आढळलं. भारतातल्या 10 राज्यांचा अभ्यास 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला, त्यातही जास्त उष्णता आणि शून्याखालची थंडी, दोन्ही सापडल्या.

खूण नसेल तर परिचारिकांकडे हलवून बघण्याची चाचणी आहे. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवतात. मग ती आणि शंकेची बाटली एकत्र हलवून शेजारी ठेवतात. गोठलेल्या बाटलीत गाळ भराभर तळाशी बसतो. शंकेच्या बाटलीतला गाळ तितक्याच वेगाने बसला, की ती टाकून द्यायची. अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असलेल्या लसींसाठीच ही चाचणी चालते. आता तर आइस पॅक आणि बाटल्यांच्या मध्ये आडोसा असलेले, गोठूच न देणारे डबेही निघालेत. चूक दाखवण्यापेक्षा चूक होऊच न देणं केव्हाही बरं.

पण खुणेने "बाद" म्हटल्यावर बाटली टाकायला धीर लागतो. समोर तीन मैल चालत आलेली आई आणि तिची बुडालेली मजुरी असते. तेव्हा "आज नको, परत या" म्हणणाऱ्या सिस्टरवर आपण चिडू नये. तिने आपल्या लेकराला फसव्या सुईपासून वाचवलेलं असतं.

जाता जाता घरातलं. इन्सुलिनलाही गोठणं चालत नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकवू नका. गावी नेताना बर्फाचा पॅक थेट चिकटवू नका, मध्ये टॉवेल गुंडाळा. विमानात ते हातातल्या बॅगेत न्या, सामानात टाकू नका. आणि एकदा गोठलं, तर वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी वापरू नका. वापरात असलेलं पेन किती दिवस चालतं ते पाकिटातल्या माहितीपत्रकावर असतं, तेवढं एकदा वाचा.

तुमच्या फ्रीजमध्ये आई-बाबांचं इन्सुलिन नेमकं कुठे आहे, ते आजच उघडून बघा. पुढच्या अंकात भेटूच!