जरा म्हणजे किती?

आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या महिन्यात नोटीस लागली: ‘स्टिल्ट पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे.’ कारण काय, तर फरशीवर तेल सांडतं. नोटिशीचा रोख दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे आहे. त्याच्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे. तिला तो मोठ्या गाडीचे जाड टाय रॉड एंड बसवतोय आणि त्यासाठी स्टिअरिंग नकलची भोकं घरीच, हाताने रीम करून मोठी करायचं त्याच्या मनात आहे. कमिटी त्याला हाकलायला निघाली आहे. माझं मत उलटं आहे. त्याला करू द्यावं, पण झालेलं काम कुणीतरी कडक नजरेने तपासावं. तेलाची काळजी करणाऱ्यांपैकी एकानेही भोकाची चौकशी केलेली नाही.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात टूलरूमला इन्स्पेक्शन करत होतो. माल नापास करणं हाच माझा धंदा. त्यामुळे हा मुलगा “काका, होल जरा मोठं करायचंय” म्हणाला, तेव्हा तोंडातून आपसूक निघालं, “जरा म्हणजे किती?”

स्टिअरिंग फिरवलं की चाक वळतं ते शेवटी एका निमुळत्या पिनेच्या जिवावर. टाय रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट, त्याची ही पिन चाकामागच्या नकलमधल्या तशाच निमुळत्या भोकात बसते. वर कॅसल नट, नटात स्प्लिट पिन. नटानेच ती धरली आहे असं वाटतं. खरं तर नट पिनेला फक्त आत ओढतो. पिन आणि भोक सगळ्या अंगाने एकमेकांना भिडले की घर्षणानेच ती तिथे घट्ट बसते. नट सोडला तरी हातोड्याचा ठोका किंवा पुलर लागतो. पण ही मिठी बसायची तर दोघांचा टेपर, म्हणजे लांबीच्या प्रमाणात व्यास कमी होण्याचा दर, एकच हवा. गाड्यांमध्ये 1:8 आणि 1:10 हे दोन्ही टेपर आढळतात. एकाचा पूर्ण कोन सव्वासात अंशांच्या थोडा आत, दुसऱ्याचा पावणेसहाच्या थोडा आत. फरक दीड अंशाचाही नाही, डोळ्याला दिसणं अशक्य. 1:8 ची पिन 1:10 च्या भोकात घातली तर ती फक्त रुंद तोंडाशी टेकते. खालचं टोक मोकळं राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला कणाकणाने हलतं. सायन-पनवेल रस्त्यावरचे खड्डे तर सगळ्यांनाच ठाऊक आहेत. शेवटी पिन थकते आणि तुटते.

या मुलाने रीमर ऑनलाइन मागवला होता. “कुठल्या टेपरचा?” विचारलं, तर म्हणाला, “टाय रॉडचा.” असे बरेच रीमर अमेरिकी गाड्यांच्या मापाचे असतात: फुटाला दीड इंच, नाहीतर फुटाला दोन इंच. दीडवाला म्हणजे बरोबर 1:8. दोनवाला 1:6, तो इथे घातला की नकल भंगारात. त्याचा निघाला दीडचा आणि नव्या पिनेचा टेपरही मोजल्यावर तोच भरला. मोजल्यावर, हे महत्त्वाचं.

आता ‘जरा’चा हिशोब. 1:8 मध्ये भोकाचा व्यास दशांश मिलिमीटरने वाढला की पिन आणखी 0.8 मिलिमीटर खाली उतरते. रीमरचे दोन-चार फेरे जास्त पडले की पिन इतकी आत जाते की नटाच्या चुड्या संपतात आणि तो पिनेच्या बिनचुडीच्या भागावर जाऊन अडतो. टॉर्क पाना लावा, पाना ‘कट्’ वाजवून सांगेल की झालं घट्ट. नट घट्ट आहे, पिन मात्र भोकात सैलच. ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून मला तिची सगळ्यात जास्त भीती वाटते.

म्हणूनच हे काम ड्रिल मशीनने नको, हातानेच हवं. नकल वाइसमध्ये रुंद तोंड वर करून धरायचा, रीमर टॅप पान्यात, धारेवर कटिंग ऑइल, दोन्ही हातांचा दाब सारखा. फिरवायचं ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच, अगदी बाहेर काढतानाही. उलटा फिरवला की बुरा धारेमागे अडकून भोकाला ओरखडे पाडतो. पाव फेरा, पाव फेरा, मग रीमर काढून भोक पुसायचं आणि पिन टाकून ती किती उतरली ते व्हर्निअरने बघायचं. मशीनने रीमर थरथरतो आणि भोकाला लाटा पडतात.

शेवटी निळा. पिनेवर मार्किंग ब्लूच्या तीन-चार पातळ उभ्या रेघा ओढायच्या, पिन भोकात दाबून किंचित फिरवायची आणि काढायची. निळा सगळ्या घेरात आणि लांबीच्या निदान तीन-चतुर्थांश भागात पसरला तर काम पास. नुसतं वरच्या तोंडाशी कडं उमटलं तर नापास, मग कितीही घाम गाळलेला असो.

काही गॅरेजवाले सैल भोकात कोल्ड्रिंकच्या डब्याची पत्री कापून घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरीकडे ‘अख्खी असेंब्लीच बदला’ म्हणणारे आहेत. जुन्या जीपला ती मिळणार कुठून, हे ते सांगत नाहीत. मात्र घासून अंडाकार झालेलं भोक रीम करून त्यात तीच जुनी पिन घालायची, याला माझा ठाम विरोध. भोक गोल होईल, पण मोठंही होईल. तिथे नकल बदलणं हाच इलाज.

कायद्याचं म्हणाल तर गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. ते योग्यच. पण खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत जी तपासणी होते, तीत टाय रॉड सुटा करून भोकाला निळा लावणं शक्य नाही. ते बघणारा माणूस आधीच्या पायरीला हवा.

आणि अशी माणसं इथेच आहेत. नवी मुंबईतल्या सानपाडा, जुईनगर, नेरुळमध्ये टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, टूलरूमवाले घरी बसून पेपर वाचतात. सरकारी आयटीआयमध्ये दोन वर्षांच्या फिटर ट्रेडला रीमिंग शिकवतात; वाइस, सरफेस प्लेट, मायक्रोमीटर सगळं तिथे आहे आणि रविवारी कुलूपबंद असतं. ती वर्कशॉप्स रविवारी सकाळी फी घेऊन उघडावीत, देखरेखीला एक निदेशक आणि एक निवृत्त माणूस असावा, अशी माझी मागणी आहे. अपघाताची जबाबदारी कोणाची, असं विचारतील. आज पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात जे चालतं, त्याची जबाबदारी कोण घेतं? नियम मात्र कडक हवेत. ज्या नकलला निळा नीट लागला नाही, त्यावर तिथल्या तिथे लाल पेंटचा पट्टा मारायचा आणि तो भंगाराच्या पेटीत टाकायचा. आमच्या टूलरूममध्ये हीच पद्धत होती, आणि पट्टा पडलेला जॉब परत मागायला कारखान्याचा मालकही येत नसे.