वकीलपत्र कोणी घ्यायचे?

नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयात काही दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. १८ तारखेला कोपर्डीतल्या शाळकरी मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या खटल्यातले तिघे दोषी ठरले, २९ तारखेला त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. मधल्या दिवसांत खर्डा प्रकरणाचा निकाल आला. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या या गावात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला होता. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले.

तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात एक समज घट्ट बसला आहे: आरोपीचा वकील म्हणजे न्यायाच्या वाटेतली धोंड. कोपर्डीच्या वेळी आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊच नये, ही भाषा सर्रास ऐकू येई. खटला चालू असताना न्यायालयात आणलेल्या आरोपींवर हल्लाही झाला. खर्ड्याच्या निकालानंतर अनेकांनी बोट दाखवले ते पुन्हा वकिलांकडेच. पण खर्ड्यात खटला कोसळला तो साक्षीदार उलटल्यामुळे. त्यांना त्याच गावात, त्याच माणसांत राहायचे होते. त्यांच्या पाठीशी शेवटपर्यंत उभे राहणे हे पोलीस आणि सरकार पक्षाचे काम. तो राग चुकीच्या माणसावर निघाला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग आम्ही खुनाच्या आरोपींच्या बचावाला दिला आहे. सणासुदीला हा विषय कशाला, असे काही स्नेह्यांनी विचारले. त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही, शेजारच्या जिल्ह्यातली एक हकिगत सांगतो.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातले पाच जण मारले गेले, अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पोलिसांनी सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले! २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून ज्या तेरा जणांची फाशी चुकीच्या आधारावर दिली गेल्याचे कळवले, त्यांत हे सहा जण होते. फेरविचार अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने अपिले नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सगळ्यांना निर्दोष ठरवले. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. तुरुंगात सोळा वर्षे गेली होती.

सुटका झाली ती कशावर? दरोड्यानंतर दोनच दिवसांनी त्या आईने पोलिसांकडच्या फोटोंच्या अल्बममधून चार माणसे ओळखली होती. पोलिसांच्या नोंदीतलेच सराईत गुन्हेगार, या सहा जणांपैकी एकही नाही. त्या चौघांवर खटला भरलाच गेला नाही. सहा निरपराधांची सोळा वर्षे गेली हे भयंकर आहेच. पण त्या आईचे काय? तिच्या घरच्यांच्या खुनाला २०१९ मध्ये आरोपीच उरला नाही. ती ओळख पहिल्याच खटल्यात कोणी नेटाने लावून धरली असती, तर पोलिसांना वेळेवर त्या चौघांच्या मागे जावे लागले असते. आरोपीचा वकील कमी पडला की मेलेल्या माणसाचाही न्याय बुडतो. हे त्या खटल्याइतके ठसठशीत दुसरीकडे आम्हाला दिसलेले नाही.

बचाव म्हणजे सिनेमातले भाषण नव्हे. ‘आरोपीने स्वखुशीने काढून दिलेला कोयता’ अशा धाटणीची ओळ खुनाच्या कितीतरी दोषारोपपत्रांत सापडते. चांगला वकील तिथेच थांबतो. कोयता निघाला ती जागा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारी होती का? ठाण्यातून निघाल्याची वेळ आणि पंचनाम्यावरची वेळ जुळते का? पंच त्याच गावातला, की त्याच ठाण्याच्या आणखी चार पंचनाम्यांवर सही केलेला? मुद्देमाल रासायनिक विश्लेषकाकडे किती दिवसांनी गेला, तोवर कोणाच्या ताब्यात होता, लाखेचे सील शाबूत होते का? यातला एखादा प्रश्न उलटतपासात राहून गेला तर पुढे तो विचारायला साक्षीदार सहसा पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. अपील चालते ते खाली झालेल्या नोंदीवर.

कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे वकील संघांचे ठराव रद्दबातल असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात बजावले, की आरोपीला पहिल्यांदा समोर आणले तेव्हाच मोफत वकिलाचा हक्क त्याला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षे वकिली केलेला असावा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत, हा दंडक २०१९ मध्ये न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने घालून दिला. आता विधी सेवा प्राधिकरणाकडे आरोपींचा बचाव करणारे पूर्णवेळ लोकअभिरक्षकही आहेत. या व्यवस्थेचे मनापासून स्वागतच करायला हवे.

तरीही ती गरजूपर्यंत पोचत नाही. दिवाळी उरकता उरकता पाथर्डी-जामखेडकडची बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. अशा घरातला कर्ता खुनाच्या तीनशे दोन कलमाखाली, म्हणजे आताच्या १०३ खाली, आत असेल तर बायको कोयता घेऊन फडात आणि तारीख नगरला. मुकादमाची उचल फेडायची की वकिलाची फी भरायची? एकरभर कोरडवाहू विकून वकील लावलेली घरे आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतील. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अर्ज तुरुंगातून करता येतो, जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडेही करता येतो. १५१०० हा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा, एवढे आमचे वाचक नक्की करू शकतात.

जिल्ह्यातल्या ज्येष्ठ फौजदारी वकिलांना आमची जाहीर विनंती आहे. वर्षाला एक खुनाचा खटला फी न घेता चालवा, आणि तोही ज्याचे वकीलपत्र घ्यायला गाव तुम्हाला मनाई करील असा. गावाला समजावून सांगायचे काम आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचे, आणि या अंकापासून आम्ही ते अंगावर घेत आहोत.