कोंबडी मुळात चार आण्यांची नव्हतीच

चाकांवरून / सारथी

न्यू जर्सीतल्या भाच्याने गेल्या आठवड्यात एका गाडीचे फोटो पाठवले. पोर्शे बॉक्स्टर, २००२ची, चंदेरी, छत मागे दुमडलेलं. मागणी ११ हजार डॉलरची. ‘‘मामा, नऊ-साडेनऊ लाखांत पोर्शे! तुमच्याकडे एवढ्यात स्विफ्ट येते.’’ हिशेबात चूक नव्हती. मी एवढंच विचारलं, ‘‘आयएमएस बदललाय का?’’

‘‘ते काय असतं?’’

ते असतं एक बेअरिंग, मुठीत मावेल एवढं. बॉक्स्टरचं सहा सिलिंडरचं इंजिन सीटच्या पाठीमागे आडवं निजलेलं असतं. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांवाटे कॅमशाफ्टकडे न्यायला खाली एक मधला शाफ्ट आहे; त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला हे बेअरिंग. कारखान्यातून ते ग्रीस भरून, सील ठोकून आलेलं. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून सील ढिलं पडतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, आणि त्याच सीलमुळे ताजं तेलही धड आत पोचत नाही. गोळ्या झिजतात, शाफ्ट हलायला लागतो, साखळीचं टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिनाचा निकाल.

याचा बाऊही करू नये. अमेरिकेत मालकांनी कंपनीवर दावा लावला, २०१३ साली तडजोड झाली. त्या प्रकरणातले आकडे असे : २००१ ते २००५ दरम्यानच्या, गोळ्यांची एकच रांग असलेल्या बेअरिंगांपैकी सुमारे ८ टक्के निकामी झाली, त्याआधीच्या दोन रांगांच्या बेअरिंगांत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी. शंभरातल्या ९२ गाड्यांना काही झालं नाही. पण उरलेल्या आठांत आपली निघाली, तर इंजिन बदलायचा खर्च अख्ख्या गाडीच्या किमतीवर जातो.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं म्हणून इथे मोकळं होता येत नाही. कोंबडी मुळात चार आण्यांची नव्हतीच. ही गाडी १९९६ साली बाजारात आली तेव्हा अमेरिकेत तिची किंमत ४० हजार डॉलरच्या घरात होती. गाडीची किंमत उतरली; गिअरबॉक्स उतरवणाऱ्या मेकॅनिकची तासाची मजुरी उतरली नाही, सुट्या भागांचे दरही नाहीत. बेअरिंगचा संच काहीशे डॉलरांत मिळतो. पण त्याच्यापर्यंत हात पोचायला गिअरबॉक्स आणि क्लच काढावा लागतो. म्हणून शहाणे लोक क्लच बदलायच्या वेळीच बेअरिंग उरकून घेतात, आणि दोन्ही मिळून ३ हजार डॉलरच्या आसपास बिल होतं. तिथेच मागच्या बाजूला क्रँकशाफ्टचं सील असतं, तेही बहुधा तेल गाळत असतं. उघडलंच आहे तर तेही.

गंमत म्हणजे ही कंपनीला तारणारी गाडी. नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शे डबघाईला आली होती. जपानहून टोयोटाच्या मुशीतले जाणकार बोलावून कारखान्याची घडी बदलली, आणि बॉक्स्टर व नव्या ९११चा पुढचा भाग, दारं, इंजिनाचं घराणं सामाईक ठेवलं. त्यामुळे हेच दुखणं त्या काळच्या कितीतरी महागड्या ९११मध्येही आहे. त्यांतल्या टर्बो आणि जीटी३ तेवढ्या सुटल्या, त्यांचं इंजिन वेगळ्या कुळातलं.

भाच्याचं दुसरं कौतुक ‘फक्त ४० हजार मैल’ याचं. आपल्याकडेही ‘डॉक्टरांची गाडी, कमी चाललेली’ म्हटलं की माणूस विरघळतो. या इंजिनाच्या बाबतीत जुने मेकॅनिक उलट सांगतात : रोज पळणारी, वेळेवर तेल बदललेली गाडी बरी, आठ महिने गॅरेजात झाकून ठेवलेली नको.

आणि मग पानं. छताच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायला बारीक नळ्या आहेत. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत त्या पाचोळ्याने तुंबतात, पाणी आत उतरतं आणि सीटखाली बसवलेल्या इमोबिलायझरच्या डब्यात शिरतं. मग किल्ली हातात असूनही गाडी मालकाला ओळखत नाही. इलाज साधा आहे, पानझडीत नळ्या साफ करायच्या. करतो कोण?

भाच्याला म्हटलं, सौदा करण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी तपासून घे, आणि तेलाचा फिल्टर समोर उघडायला लाव. या गाडीचा फिल्टर घड्या घातलेल्या कागदाचा. एकेक घडी उलगडून उजेडात धरायची. तपकिरी प्लॅस्टिकचे कण दिसले तर ते साखळीच्या ताणपट्टीचे, काळे असतील तर सीलचे असू शकतात. चमचमतं काही दिसलं तर चुंबक फिरवायचा; चिकटलं, तर आभार मानून घरी यायचं.

शनिवारी त्याने फोटो पाठवला : वर्तमानपत्रावर पसरलेला, अ‍ॅकॉर्डियनच्या भात्यासारखा कागद, काळपट, पण स्वच्छ. चमक नाही. दुसऱ्या फोटोत ड्रायव्हरच्या सीटखालचा गालिचा, आणि त्यावर दाबलेल्या बोटांचे ओले ठसे. बेअरिंग बदलल्याचं बिल मालकाकडे नाही, ‘शोधतो’ म्हणाला आहे. भाच्याने साडेसात हजार सांगून ठेवलेत.

अजून उत्तर आलेलं नाही.