पन्नाशीतली पोरे

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. उन्हाळी परीक्षांची धामधूम चालू होती. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, "काय मॅडम, रजा टाकून मुंबईला पोरांची गाणी ऐकायला गेला होता म्हणे?" प्रश्नात कुतूहल थोडे आणि चेष्टा फार. मी म्हटले, "होय सर. पोरांतला थोरला एक्कावन्न वर्षांचा आहे आणि धाकटा त्रेचाळीस." सगळे हसले, चहा आला, विषय संपला. माझ्या मनात तो संपला नाही.

ही 'पोरे' म्हणजे बॅकस्ट्रीट बॉइज. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ओरलँडो नावाचे शहर आहे. तेथे १९९३ साली एका व्यावसायिकाने गाणारी, नाचणारी, दिसायला बरी अशी पाच मुले निवडून हा संच उभा केला. जन्मच बाजारात झाला म्हणा ना! १९९९ साली त्यांचा 'मिलेनियम' हा संग्रह निघाला आणि त्याची कॅसेट कोल्हापूरमार्गे आमच्या वारणानगरात पोहोचली. मी तेव्हा सातवीत होते.

आता आमच्या इंग्रजीची कथा सांगायला हवी. पाचवीपासून इंग्रजी शिकलेली आमची पिढी. गाणे कानांना जसे ऐकू येई तसे मी आणि माझी मैत्रीण वहीत देवनागरीत उतरवून घेत असू. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायची. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची. वही भरली, पण अर्थ म्हणाल तर शून्य. आपल्याला समजत नाही याची मनातून लाजही वाटे. पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आले की, त्यांचे सर्वांत गाजलेले 'आय वॉन्ट इट दॅट वे' हे गाणे ज्या दोघांनी लिहिले ते स्वीडनचे. त्यातील शब्दांचा धड अर्थ लागत नाही हे गायकांनाही ठाऊक होते. अर्थ लागेल अशी दुसरी आवृत्तीही मुद्रित झाली होती. पण ती बाजूला ठेवून बिनअर्थाचीच कायम केली, कारण ती कानाला गोड लागत होती. हे वाचून मला केवढे हायसे वाटले! वारणाकाठच्या दोन मुलींना जे कळले नव्हते, ते तेथे कळण्यासारखे नव्हतेच.

परंतु वारणानगरच्या मुलांना गाणारी-वाजवणारी मुले ही काही अपूर्वाई नव्हती. आमच्याकडे वारणा बालवाद्यवृंद होता. तात्यासाहेब कोरे यांनी या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्या उसाच्या जोरावर शाळा, महाविद्यालय, दूध संघ, बाजार अशी सगळी सृष्टी वसवली. तिच्यातलाच हा एक नवलाचा भाग. शेतकऱ्यांची, कामगारांची मुले हातात वाद्ये घेऊन देशात आणि देशाबाहेरही वाजवून आली. आमच्या वर्गातला एक मुलगा त्यात होता. त्याची बोटे मेंडोलिनवर फिरू लागली की आम्ही बाकीची मुले आपापल्या बोटांकडे पाहत असू. तो दौऱ्यावरून आला की आठवडाभर त्याच्याभोवती घोळका असे. पुढे त्याला मिसरूड फुटले, आवाज फुटला, उंची वाढली आणि त्याची जागा दुसऱ्या लहान मुलाने घेतली. त्यात कुणाची चूक नव्हती. नावातच 'बाल' आहे. मुले मोठी होणार आणि खाली उतरणार. वृंद लहानच राहतो.

त्या अमेरिकन संचाचे नेमके उलटे झाले. नावात 'बॉइज' आणि माणसे तीच. एक जण २००६ साली बाहेर पडला, २०१२ साली परत आला. ज्याने संच बांधला त्या व्यावसायिकाशी पैशांवरून कोर्टकचेरी झाली. तो पुढे मोठ्या आर्थिक फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि २०१६ साली तेथेच वारला. पोरे मात्र गात राहिली.

४ मे २०२३, गुरुवार. वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड गार्डन. माझी वहीवाली मैत्रीण आता पुण्यात असते. ती आणि मी दोघी गेलो. तिकिटाचा आकडा येथे लिहीत नाही, हे वार्षिक घरीही वाचले जाते. प्रेक्षकांत बहुतेक आमच्याच वयाच्या बाया. कुणी कचेरीतून तडक आलेल्या, कुणी फोनवर "दूधभात खाल्ला का? मग झोप आता" असे पोराला बजावत असलेल्या. मग दिवे गेले, ते पाच जण आले, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? 'अरे, हे तर काका झाले!'

खरे सांगते, पहिली दोन-तीन गाणी मी गाणे ऐकतच नव्हते. कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चित्रातला मुलगा शोधत होते आणि तो काही सापडत नव्हता. उगीच आलो, असेही वाटून गेले. मग ते वहीतले गाणे सुरू झाले. शेजारी मैत्रीण मोठ्याने गाऊ लागली, आणि गाऊ लागली ती आमच्या वहीतल्या चुकीच्या शब्दांसकट! एवढी शिकली, परदेशी कंपनीत नोकरी करते, तरी शब्द तेच, सातवीतले. मीही तेच गात होते. त्यानंतर मी त्या चित्रातल्या मुलाला शोधायचे सोडून दिले आणि समोर जे होते ते पाहू लागले. पाच प्रौढ माणसे जुने काम मन लावून, एकमेकांकडे बघत करत होती.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. हा गेलेल्या दिवसांचा धंदा आहे, तुमच्या आठवणी तुम्हालाच विकतात, असे कुणी म्हणेल. तिकीट मी काढले आहे, तेव्हा धंदा नाही असे कसे म्हणू? पण मग बालगंधर्वांचे काय? १८८८ चा त्यांचा जन्म. लहानपणी मिळालेले 'बाल' हे बिरुद १९६७ साली ते गेले तोवर सुटले नाही. उतारवयातही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि लोक जात होते. जाणाऱ्यांना काय वय दिसत नव्हते? दिसत होतेच, पण गेलेले रूप आणि उरलेला सूर असे दोन्ही एकाच वेळी बघण्याची त्यांची तयारी होती. कुणी त्याला रसिकता म्हणतात, कुणी भाबडेपणा. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसांनी तरी त्याला हसू नये.

माझ्या वर्गातील मुली हल्ली कोरियातील बीटीएसच्या सात मुलांची गाणी ऐकतात. शब्द कळत नाहीत, तरी पाठ आहेत. ती मुले एकामागून एक सक्तीच्या लष्करी सेवेत गेली तेव्हा आमच्या मागच्या बाकांवर रीतसर सुतक होते. २०२५ च्या जूनपर्यंत ती सगळी सेवा आटोपून आली, तेव्हा वर्गात पेढे निघाले. सहकारी हसतात. मी हसत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी या मुलींना तिकिटे काढावी लागणार आहेत.

मुंबईहून आल्यावर काही दिवसांनी तो मेंडोलिनवाला वर्गमित्र कोडोलीच्या बाजारात भेटला. त्याची शेती आहे, ट्रॅक्टर आहे. सहज विचारले, "वाजवतोस का रे अजून?" तो म्हणाला, "छे! ऊस तोडून बोटं बघ कशी झाल्यात. आणि आता मोठ्या माणसाचं कोण ऐकणार?" म्हणताना त्याचा डावा हात मात्र भाजीच्या पिशवीच्या बंदावर उगीच हलत होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. लहान मुलांनी वाजवावे, त्यांचे कौतुक व्हावे, ते योग्यच. पण एके काळी या गावासाठी वाजवून मोठी झालेली किती तरी माणसे पंचक्रोशीत आणि बाहेर विखुरलेली आहेत. कुणी शिक्षक, कुणी कारखान्यात, कुणी गृहिणी. एका संध्याकाळी त्या सर्वांना, पोट सुटलेल्या, चष्मा लागलेल्या, बोटे राठ झालेल्या सर्वांना, वारणानगरातच एका मंचावर बसवावे आणि जे येते ते वाजवू द्यावे. चुकले तर चुकले. तिकीट ठेवा, अमेरिकेच्या पोरांना दिले, तर आपल्यांना का नाही? पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या आमच्यासाठी धरून ठेवा. मैत्रीण पुण्याहून येईल, मी तिला कळवले आहे. वर्गमित्राला अजून विचारलेले नाही.