दाराच्या आत वाट कोण दाखवणार?

जीपीएसचा संकेत छताखाली क्षीण होतो. त्यामुळे रस्त्यावर अंध व्यक्तीला वाट दाखवणारा स्मार्टफोन रुग्णालयाच्या किंवा मेट्रो स्थानकाच्या दारात निरुपयोगी ठरतो; आणि खरी अडचण तर तिथूनच सुरू होते. यावर उपाय आहे, तोही नवा नाही. लंडनच्या पिम्लिको भुयारी स्थानकात २०१५ मध्ये ‘वेफाइंडर’ची चाचणी झाली. स्थानकात लहान ब्लूटूथ बीकन बसवायचे, त्यांच्या संकेतांवरून फोन जागा ओळखतो आणि सरकता जिना कुठे आहे ते कानात सांगतो. स्वतः अंध असलेल्या संगणकशास्त्रज्ञ चिएको असाकावा यांच्या पुढाकाराने कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेले ‘नॅवकॉग’ हे असेच अ‍ॅप पिट्सबर्गच्या विमानतळापर्यंत पोचले. व्हीलचेअरवरील व्यक्तीलाही हे तंत्र जिने टाळून लिफ्टकडे नेऊ शकते. मात्र लिफ्ट बंद पडली, तर अ‍ॅपला ते त्याच क्षणी कळायला हवे. बीकनची बॅटरी संपते, रुग्णालयातले विभाग जागा बदलतात, नकाशा जुना होतो. चुकीची सूचना ही सूचना नसण्यापेक्षा अधिक धोक्याची. देखभालीचा पैसा म्हणूनच पहिल्या दिवसापासून राखून ठेवावा लागेल.

अशा सोयींसाठी भारतात कायद्याचा आधारही आहे. आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याखाली सुगम्यतेचे बंधनकारक नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला बजावले. इमारतीच्या आतील दिशादर्शन त्या नियमांत स्पष्टपणे यावे. पण अ‍ॅप आहे म्हणून उतार आणि स्पर्शपट्ट्या वगळण्याची मुभा कोणालाही मिळता कामा नये.