सीलबंद आहे, पण उन्हात आहे

परवा देरासरातून परतताना किराणा दुकानापाशी थांबले. दाराबाहेर फूटपाथवर पाण्याच्या बाटल्यांची चळत, शेजारी तेलाच्या पारदर्शक बाटल्या. वर वैशाखातलं ऊन. म्हटलं, "अरे, हे आत सावलीत ठेव ना." तो म्हणाला, "काकू, सीलबंद माल आहे. तारीख बघून घ्या."

सील खरं होतं, तारीखही खरी होती. पण तेवढ्याने हिशेब पूर्ण होत नाही, हेच मला सांगायचं आहे.

सील बाहेरचं आत येऊ देत नाही. बाटलीच्याच अंगातलं पाण्यात उतरलं तर? या बाटल्या पेट नावाच्या प्लास्टिकच्या. ते बनवताना बहुधा अँटिमनीचं संयुग वापरतात आणि त्याचा थोडा अंश बाटलीत राहतो. थंड जागी तो अगदी सावकाश पाण्यात उतरतो. उष्णता वाढली की वेग वाढतो. तेलाचं दुखणं आणखी वेगळं. पारदर्शक बाटलीतून प्रकाश थेट आत जातो आणि तेल लवकर खवट होतं.

घाबरवायचं नाही. एका बाटलीने काही बिघडत नाही. आपल्याकडे २०१८ चे नियमही आहेत: प्लास्टिकच्या वेष्टनातून एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रव्य उतरता कामा नये. पण ही तपासणी प्रयोगशाळेत, ठरलेल्या तापमानाला होते. टेम्पोच्या तापलेल्या पत्र्याखाली कोण तपासतं? मी कॉमर्सची पदवीधर. ऑडिट कारखान्याच्या दारातच संपलं, तर पुढची तूट कुणाच्या खात्यावर टाकायची?

आपणही कमी नाही बरं का! पाणी गाळतो, उकळतो, आणि यात्रेला निघताना तेच गरम पाणी विकतच्या रिकाम्या बाटलीत ओततो. स्टीलची बाटली माळ्यावर पडून असते. गाळण्याने जीवदया पाळली जाते, पण नंतर बाटलीतून उतरणारं कसं गाळणार?

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, थेट उन्हापासून दूर ठेवा. ते दुकानदारानेही वाचायला हवं. मी त्या दिवशी तेल घेतलं नाही आणि का घेत नाही ते त्याला सांगितलं. तुम्हीही सांगा. चार गिऱ्हाइकं परत गेली की ताडपत्री बांधायला वेळ लागत नाही.

जय जिनेंद्र.